शिष्यवृत्तीचं गणित आणि बुद्धिमत्ता: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास सुरू होतात आणि पालकांचे फोनही. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात, म्हणून एकदा सगळ्यांची उत्तरं लिहून काढली. भाषा आणि इंग्रजीचे विभाग यात नाहीत. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी एवढंच आहे, कारण मुलं तिथेच अडकतात.

ही परीक्षा नक्की कोणत्या इयत्तेला असते? कुणी चौथी म्हणतं, कुणी पाचवी.

दोघंही बरोबर आहेत. पूर्वी ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला झाली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शेजारच्या ताईच्या अनुभवावर जाऊ नका, शाळेत विचारा आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची त्या वर्षीची अधिसूचना बघा.

पाचवीच्या परीक्षेचं स्वरूप असं: दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण आणि ९० मिनिटं. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चार पर्याय. म्हणजे ३०० पैकी २०० गुण गणित आणि बुद्धिमत्तेचे. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के मिळाले की मूल 'पात्र' ठरतं. पण पात्र ठरणं आणि शिष्यवृत्ती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीत येणाऱ्यांनाच मिळते. निकालाच्या दिवशी घरोघरी गैरसमज होतो तो इथेच.

मुलगा पाढे घडाघडा म्हणतो, गुणाकार-भागाकार चुकत नाही. पण शाब्दिक उदाहरण आलं की विचारतो, "आई, यात अधिक करायचं की वजा?" असं का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तरही सगळ्यात मोठं.

मुलाला हिशोब येतो. अडतं ते हिशोबाच्या आधीचं पाऊल, आणि त्याला आपणच जबाबदार असतो. पहिली-दुसरीत आपण सांगितलेलं असतं: 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' आलं की भागाकार, 'जास्त' आलं की अधिक. तेव्हा ते चालून जातं. शिष्यवृत्तीचा पेपर काढणाऱ्याला मात्र ही सवय पक्की ठाऊक असते. हे उदाहरण बघा:

'रमेशकडे ४५ रुपये आहेत. ते सुरेशकडील रुपयांपेक्षा १२ ने जास्त आहेत. तर सुरेशकडे किती रुपये आहेत?'

'जास्त' दिसलं की मूल ४५ मध्ये १२ मिळवतं आणि ५७ लिहितं. पर्यायांत ५७ असतोच, बहुतेकदा पहिलाच. मुलाला शंकाही येत नाही. उत्तर ३३ आहे, पण त्यासाठी 'जास्त पैसे कुणाकडे?' हा प्रश्न आधी पडायला हवा.

दुसरी जोडी मला फार आवडते, कारण तिच्यात भागाकार एकच आहे आणि उत्तरं दोन:

'१३७ मुलांना सहलीला न्यायचे आहे. एका बसमध्ये ४२ मुले बसतात. किती बस लागतील?'
'तुमच्याकडे १३७ रुपये आहेत. एका वहीची किंमत ४२ रुपये आहे. जास्तीत जास्त किती वह्या येतील?'

दोन्हीकडे भागाकार ३ आणि बाकी ११. पण बस ४ लागतात आणि वह्या ३ येतात. पहिल्या उदाहरणाला ३ लिहिणाऱ्या मुलाला मी "चूक" म्हणत नाही. "मग ती ११ मुलं शाळेतच राहिली का रे?" एवढंच विचारते. वर्ग हसतो आणि तो स्वतःच खोडून ४ करतो.

घरी एवढं करा: उदाहरण वाचून झालं की पेन्सिल उचलण्याआधी मुलाला तीन गोष्टी तोंडी सांगू द्या. गोष्ट काय आहे, विचारलंय काय, आणि उत्तर साधारण केवढं येईल. तिसरी गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. '१८ रुपये ५० पैशांची एक वही, तर डझनभर वह्यांचे किती?' यात आधी अंदाज: वीस धरले तर २४०, म्हणजे उत्तर त्याहून थोडं कमी. मग २२२० आणि २२.२० हे पर्याय तिथल्या तिथे बाद होतात. उरले २२२ आणि २१२, तेवढ्यापुरता हिशोब करायचा. उत्तर २२२.

सुरुवातीला याला फार वेळ लागतो. एका संध्याकाळी चारच उदाहरणं झाली तर चारच होऊ द्या.

मग ट्रिका शिकवायच्याच नाहीत? मोबाईलवर तर सगळे ट्रिकाच सांगतात.

शिकवा, पण शेवटी. ट्रिक आधी आणि समज नंतर, असा क्रम लागला की घोटाळा होतो.

रांगेचं उदाहरण घ्या. 'मीनाचा क्रमांक रांगेत दोन्ही बाजूंनी नववा आहे, तर रांगेत एकूण मुली किती?' ट्रिक: दोन्ही क्रमांक मिळवा, एक वजा करा, १७. मुलं लगेच पाठ करतात. मग पेपरात येतं, 'मीनाच्या डावीकडे ९ आणि उजवीकडे ९ मुली आहेत.' ट्रिकवालं मूल पुन्हा १७ लिहितं. इथे उत्तर १९ आहे, कारण या वेळी मीना मोजलेलीच नाही.

मी मुलांना स्वतःचा पंजा समोर धरायला सांगते. मधलं बोट इकडून तिसरं, तिकडून तिसरं. तीन आणि तीन सहा, पण बोटं पाच. का? कारण मधलं बोट दोनदा मोजलं. आता मधल्या बोटाच्या दोन्ही बाजूंना किती बोटं? दोन-दोन. दोन आणि दोन चार, पण बोटं पाच. का? मधलं मोजलंच नाही. परीक्षेत कागद-पेन काही नसलं तरी हात असतो, आणि सूत्र विसरलं तर पुन्हा तयार करता येतं.

झाडांचं आणि लाकडाच्या तुकड्यांचंही असंच. ६० मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकं धरून, दर ५ मीटरवर झाड लावलं तर झाडं १३. त्याच लांबीच्या गोल कुंपणाला दर ५ मीटरवर खांब रोवले तर १२. ओंडक्याचे ५ तुकडे करायचे तर ४ वेळाच कापायचं. सूत्रं तीन, पण विचार एकच: तुम्ही वस्तू मोजताय की मधल्या जागा? कागदावर तीन-चार टिंबं काढून बघितली की मूल ते स्वतः शोधतं.

काही ट्रिका मात्र बिनधास्त वापराव्यात. आरशातल्या घड्याळाची वेळ ओळखायला ११:६० मधून दिलेली वेळ वजा करायची: आरशात ३:४० दिसले तर खरी वेळ ८:२०. पण आधी एकदा काट्यांचं घड्याळ आरशासमोर धरून दाखवा. हल्ली बऱ्याच घरांत आकड्यांचीच घड्याळं असतात आणि मुलांना काट्याच्या घड्याळावर पावणेपाच चटकन सांगता येत नाहीत. तिथे ट्रिक काय करणार?

मला स्वतःलाच गणित येत नाही. मी मुलीला काय शिकवणार?

तुमचं तर चांगलंच आहे. तुम्ही तिला "मला समजावून सांग" असं खरेपणाने म्हणू शकता. समजावून सांगताना मूल जिथे अडखळतं, तिथेच त्याचं कच्चं असतं. तुम्हाला उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही. ते उत्तरसूचीत असतं.

मला जास्त काळजी गणित उत्तम येणाऱ्या पालकांची वाटते. इंजिनिअर बाबा 'क्ष मानू' करून मोकळे होतात. दहा वर्षांच्या मुलाला क्ष कुठून माहीत? 'दोन संख्यांची बेरीज ५०, फरक १२, तर लहान संख्या कोणती?' याला समीकरण नको. जास्तीचे १२ बाजूला काढा, उरले ३८. आता दोघी सारख्या झाल्या, म्हणून प्रत्येकी १९. लहान १९, मोठी ३१.

शेळ्या-कोंबड्यांचं जुनं उदाहरणही असंच सुटतं. २० डोकी, ५६ पाय. सगळ्या कोंबड्याच आहेत असं धरा: पाय ४० झाले. १६ पाय कमी पडले. एकेका कोंबडीच्या जागी शेळी आणली की दोन पाय वाढतात, म्हणून शेळ्या ८ आणि कोंबड्या १२. मुलं हे चित्र काढून करतात, वीस गोल आणि खाली पाय. काढू द्या. चित्र काढणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे.

बुद्धिमत्ता सरावाने येते का? ती तर जन्मजात असते ना?

या चाचणीतली बरीचशी सरावाने येते. वर्गीकरण, समसंबंध, संख्या आणि अक्षरांच्या मालिका, सांकेतिक भाषा, दिशा, दिनदर्शिका, प्रतिबिंबं, आकृत्या मोजणं, फासे असे ठरलेले प्रकार असतात. एकदा प्रकार ओळखीचा झाला की अर्धी भीती जाते.

मालिकेत पहिलं काम शेजारच्या संख्यांमधला फरक खाली लिहिण्याचं. २, ६, १२, २०, ३०, पुढे? फरक ४, ६, ८, १०, म्हणून पुढचा १२ आणि उत्तर ४२. कुणी १×२, २×३, ३×४ असंही पाहतं. एखाद्या मुलाने वेगळ्या वाटेने तेच उत्तर काढलं तर ती वाट त्याला फळ्यावर मांडू द्यावी.

आकृत्या मोजताना मुलं दिसेल तसं मोजतात आणि तेच तीनदा मोजतात. तीन बाय तीनच्या चौकटीत चौरस किती? बहुतेक जण ९ म्हणतात, चलाख मुलं १०. आकारानुसार मोजा: लहान ९, चार घरांचे ४, मोठा १. एकूण १४. आधी लहान, मग मोठे, आणि प्रत्येक आकाराची संख्या बाजूला लिहून ठेवायची.

फाशांबद्दल एक सावधगिरीची सूचना. लुडोच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते, पण परीक्षेतला फासा तसा असेलच असं नाही. चित्रांत ४ च्या शेजारी १, २, ३ आणि ५ दिसत असतील तर ४ च्या समोर ६ आहे. सातची बेरीज धरणारा ३ लिहितो, आणि ३ तर शेजारीच दिसतोय.

घरी वेगळं साहित्य आणावं लागेल का?

नाही. भिंतीवरची दिनदर्शिका, काट्याचं घड्याळ, छोटा आरसा, शिंप्याची टेप आणि किराण्याची पावती एवढं पुरतं.

दिनदर्शिकेवर तर महिनाभर प्रश्न निघतात. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी. त्याच वर्षी १५ ऑगस्ट कोणत्या वारी? जानेवारीचे उरलेले ५, फेब्रुवारीचे २८, मग ३१, ३०, ३१, ३०, ३१ आणि ऑगस्टचे १५. एकूण २०१ दिवस. ७ ने भागल्यावर बाकी ५. सोमवारपासून पाच वार पुढे, शनिवार. मग पानं उलटून खात्री करायची. स्वतः काढलेला वार भिंतीवर खरा ठरताना बघण्यात जी मजा आहे ती गाईडच्या शेवटच्या पानावर नाही. वर्ष लीप असतं तर रविवार आला असता, हेही त्याच बैठकीत सांगून टाका.

एका ठिकाणी मात्र घर आणि पुस्तक जुळत नाही. कागदमोजणीत २४ कागदांचा दस्ता आणि २० दस्त्यांचं रीम, म्हणजे ४८० कागद. झेरॉक्सच्या दुकानातल्या गठ्ठ्यावर ५०० छापलेलं असतं. चौकस मूल हे बरोबर पकडतं. त्याला शाबासकी द्या आणि पेपरात दस्त्यांचा हिशोब असेल तर ४८० धर म्हणून सांगा.

एकोणसाठ की एकोणसत्तर, यात गोंधळ होतो. सेमी इंग्रजीतल्या मुलांना तर आणखीनच.

होणारच. ५९ वाचताना पाच दिसतो आणि ऐकू येतो साठ. ६९, ७९, ८९ पर्यंत हीच रीत, आणि ९९ ला ती मोडून एकदम नव्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. माझं मत विचाराल तर शिकताना ती सोय चांगली, पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात आणि बाजारात एकोणसाठच येणार. म्हणून दोन्ही येऊ द्या. रोज जेवताना दहा संख्या तोंडी सांगून अंकात लिहायला लावल्या तरी महिन्याभरात फरक पडतो. सेमीच्या मुलांचा अर्ज भरताना माध्यमाचा रकाना स्वतः तपासा.

किती सराव पेपर सोडवायला हवेत?

संख्येच्या मागे लागू नका. शंभर पेपर सोडवून त्याच चुका करणारी मुलं मी दरवर्षी पाहते. सोडवलेला पेपर तपासणं हे सोडवण्याहून मोठं काम आहे.

एक वेगळी वही करा. चुकलेलं प्रत्येक उदाहरण त्यात, आणि समोर मुलाच्याच अक्षरात कारण: 'प्रश्न नीट वाचला नाही', 'हिशोब चुकला' किंवा 'हे येतच नव्हतं'. पंधरा दिवसांनी वही चाळली की औषध कशावर करायचं ते कळतं. वाचनाच्या चुका जास्त असतील तर आणखी गाईड आणून उपयोग नाही. 'चूक असलेला पर्याय निवडा', 'विसंगत पद ओळखा', 'यापैकी कोणते नाही' अशा प्रश्नांत 'चूक', 'विसंगत', 'नाही' या शब्दांखाली रेघ ओढायची सवय लावा.

परिषदेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. आधी त्या घ्या. बाजारातल्या काही संचांत प्रश्न उगाच अवघड करून ठेवलेले असतात; त्यांनी मुलं खचतात आणि पालक घाबरतात.

वेळ पुरत नाही. शेवटचे दहा-पंधरा प्रश्न राहतात.

७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहूनही थोडं कमी. पण सगळे प्रश्न सारख्या वेळेचे नसतात. पहिल्या पेपरात भाषेचे प्रश्न २५ मिनिटांत संपवून उरलेला वेळ गणिताला द्यावा, असं मी सांगते. एखाद्या प्रश्नावर दोन मिनिटं गेली आणि वाट दिसत नसेल तर प्रश्नक्रमांकाला गोल करून पुढे जायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. हुशार मुलांना तेच सगळ्यात जड जातं. त्यांना सुटल्याशिवाय सोडवत नाही.

घड्याळ लावून सराव शेवटच्या दोन महिन्यांतच. त्याआधी वेग मागितला तर मूल विचार सोडून अंदाज मारायला शिकतं.

येत नसलेला प्रश्न सोडून द्यावा का?

नाही. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. आधी नक्की चुकीचे पर्याय काटायचे, उरलेल्यांतून एक निवडायचा. उत्तरपत्रिकेवर एकाही प्रश्नाचे गोल कोरे ठेवायचे नाहीत.

गोल रंगवताना काय काळजी घ्यायची?

निळं किंवा काळं बॉलपेन. एकदा रंगवलेला गोल खोडता येत नाही. उत्तर आलं की लगेच रंगवायचा, शेवटी एकदम नाही. सोडलेल्या प्रश्नामुळे पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकली, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. म्हणून दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवायचा. ए, बी, सी, डी यांपैकी आपला संच कोणता ते पहिल्याच मिनिटाला बघायचं. घरच्या सरावातही कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून वापरा.

क्लास लावावा का?

शाळेत जादा तास नीट होत असतील तर गरज नाही. होत नसतील आणि घरी बसायला कुणी नसेल तर लावा. पण तिथे मुलांना बोलू देतात का, ते एकदा जाऊन बघा.

याच तयारीत नवोदयची परीक्षा होऊन जाते का?

बरीचशी. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यात मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. मानसिक क्षमतेचा भाग पूर्णपणे आकृत्यांचा असतो, तेव्हा आकृत्यांचा सराव जास्त लागतो. इंग्रजीचा वेगळा विभाग नाही.

सराव परीक्षेत गुण कमी आले की मुलगी रडते.

आठवडाभर पेपर बंद करा. कोडी घाला, पत्ते खेळा, सापशिडीत दोन फासे टाकून बेरजा करायला लावा. आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे गुण टाकणं थांबवा.

परीक्षेनंतर उत्तरं कशी पडताळायची?

परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन आक्षेप नोंदवता येतो. त्यानंतर अंतिम उत्तरसूची लागते आणि निकाल तिच्यावरूनच तयार होतो. त्यामुळे अंतरिम सूची लागली त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन प्रश्नपत्रिकेवर बसा. आक्षेप घ्यायचा असेल तर पाठ्यपुस्तकाचा पान क्रमांक हाताशी ठेवा. 'आमच्या सरांनी असंच शिकवलंय' हा आधार चालत नाही.